शिलाई यंत्रांचा समतोल

देशातून बाहेर काय जातं ते एका खोलीत मांडायचं आणि बाहेरून देशात काय येतं ते दुसऱ्या खोलीत, अशी त्या कचेरीची रीत होती. दोन्ही खोल्यांच्या मध्ये एक बोळ. बोळात पिण्याच्या पाण्याची टाकी आणि टाकीला साखळीने बांधलेला पेला. तो पोचे आलेला पेला कोण चोरून नेणार होतं देव जाणे, पण साखळी होती. पहिल्या खोलीला जावक खोली म्हणत, दुसरीला आवक खोली. ताईची सगळी नोकरी जावक खोलीत गेली होती.

महिन्याचा शेवटचा आठवडा लागला की या दोन खोल्या एकमेकींशी अबोला धरत. त्याचंही कारण होतं. फार पूर्वी दोन्हीकडचे कारकून चहा पिता पिता एकमेकांना आकडे सांगत, आणि कुठे फारच तफावत दिसली की दोघं मिळून ती सांभाळून घेत, शेजारणी आपसांत साखर-चहापत्ती सांभाळून घेतात तशी. तेव्हाच्या साहेबांच्या ते लक्षात आलं. तेव्हापासून नियम झाला, की मेळाच्या, म्हणजे दोन्हीकडचे आकडे ताडून बघायच्या दिवसापर्यंत जावकेने आवकेकडे आणि आवकेने जावकेकडे बघायचं नाही. आकडे तर सोडाच, चहासुद्धा वेगळा. मेळाच्या दिवशी मात्र दोन्ही खोल्या लांब टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर बसत, सोयरीक ठरवायला आलेल्या दोन घरांसारख्या, तोंडावर हसू आणि पोटात धाकधूक घेऊन. मग एकेक क्षेत्र मोठ्याने वाचायचं. धान्य, कापड, चामडं, औषधं, यंत्रं. आधी जावक, मग आवक. शिपाई फळ्यावर फरक लिहायचा. जास्त गेलं असेल तर पांढऱ्या खडूने, जास्त आलं असेल तर लाल खडूने. अलीकडे पांढऱ्या खडूंची पेटी उघडायला लागत नव्हती आणि लाल खडू मात्र महिन्याच्या महिन्याला मागवावे लागत.

आवक खोलीत ताईची जिवाभावाची मैत्रीण होती. तिला सगळी कचेरी आवकमावशी म्हणायची. तिच्या घरी सून आली, नातवंडं आली, मग सुनेची आईच राहायला आली, ती काही परत जाईना. मावशी म्हणायची, "बाई, मी जिथे बसते तिथे आवकच आवक." ताई यावर हसायची, पण तिचं स्वतःचं घर खरंच जावक खोलीसारखं झालं होतं. आधी आई गेली, मग नवरा गेला, मग मुलगी लग्न होऊन लांब गेली. जवळ उरला होता तो एक धाकटा भाऊ आणि त्याची बायको, दोन गल्ल्या सोडून.

धाकटा शिलाई यंत्रांच्या कारखान्यात तपासनीस होता. सगळे भाग जोडून झाले की यंत्र त्याच्या टेबलावर यायचं. तो तेल घालायचा, चाक फिरवायचा, कान लावून ऐकायचा, आणि पांढऱ्या कापडाचा तुकडा सुईखाली सरकवून त्यावर वीतभर शिवून बघायचा. टाका जमला की कापड तसंच सुईखाली ठेवून यंत्र खोक्यात जायचं. घेणाऱ्याने झाकण उघडलं की त्याला आधी तो शिवलेला तुकडा दिसावा, म्हणजे यंत्र चालतं याची खात्री पटावी. प्रत्येक तपासनिसाचा दोरा वेगळ्या रंगाचा असे, म्हणजे चूक निघाली तर कान कुणाचा धरायचा ते कळतं. धाकट्याचा दोरा निळा. शिवाय त्याची एक खोड होती. शेवटी तो शिवण सरळ संपवायचा नाही, एक छोटंसं काटकोनी वळण घ्यायचा. त्याच्या जुन्या मिस्त्रीने एकदा विचारलं होतं, हे काय मध्येच. धाकटा म्हणाला होता, "सरळ तर कुणीही जाईल."

हाच मिस्त्री वर्षभरापूर्वी कारखाना सोडून सरकारी दवाखान्यात यंत्रदुरुस्तीला लागला होता. तिथे आता एक जागा रिकामी झाली होती आणि त्याने ती धाकट्यासाठी धरून ठेवली होती. पगार कमी होता, काम खाटांची चाकं आणि पाण्याचे पंप असलं होतं, पण कारखान्याचं काही खरं नाही असं मिस्त्रीचं म्हणणं. शनिवारपर्यंत हो की नाही ते सांग, म्हणाला. माणसं आजारी पडायची थांबत नाहीत, तेव्हा दवाखाना काही बंद पडत नाही.

गुरुवारी संध्याकाळी धाकटा ताईकडे आला. ताई बटाटे सोलत होती. तो समोरच्या स्टुलावर बसला आणि सालं एका जागी गोळा करत राहिला. लहानपणीही तो असाच करायचा. काही विचारायचं असलं की आधी हाताला काही तरी काम शोधायचा. शेवटी त्याने सगळं सांगितलं आणि म्हणाला, तूच सांग काय करू.

"मी काय ज्योतिषी आहे?"

"तू तिथे बसतेस ना."

ताईने पुढचा बटाटा उचलला. आकडे जाहीर होण्याआधी ते कचेरीच्या उंबऱ्याबाहेर न्यायचे नाहीत, आणि मेळाच्या आधी तर तोंडातूनही काढायचे नाहीत, हे तिने आयुष्यभर पाळलं होतं. नवरा असताना त्यालाही कधी सांगितलं नव्हतं. अर्थात त्यानेही कधी विचारलं नव्हतं, तो माणूसच तसा होता. पण गेले काही महिने यंत्रांच्या क्षेत्रात एकच ओळ वर चढत होती, आणि ती होती शिलाई यंत्रांची. पंप उतरले होते, गिरण्यांचे सुटे भाग उतरले होते, आणि तिच्या भावाची यंत्रं मात्र जहाजांवर चढून निघाली होती. मागच्या मेळापर्यंत या ओळीत आवकेच्या बाजूला नुसती रेघ असे. या महिन्याचा जावकेचा आकडा तिने कालच मांडला होता, आणि तो सगळ्यांत मोठा होता. कालपासून ती आतल्या आत खूश होती. पोरगं नशीब काढणार, असं तिच्या मनात आलं होतं. पोरगं म्हणजे पंचेचाळिशी ओलांडलेलं.

"तुमची यंत्रं बाहेर जातायत," ती म्हणाली. "मागच्या वर्षीपेक्षा किती तरी जास्त. आणि हे मी बोलले नाही, तू ऐकलं नाहीस."

"नक्की?"

"मी माझ्या हाताने मांडलंय."

धाकट्याने काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. काय रे, तिने विचारलं. काही नाही, म्हणाला, गोदामाकडे अलीकडे गाड्या फार यायला लागल्यात. ताई हसली. माल जातो म्हटल्यावर गाड्या येणार नाहीत तर काय बैलजोड्या येतील? तोही हसला. खरंच की, म्हणाला. जाताना त्याने सालांचं टोपलं स्वतः उचलून बाहेर रिकामं केलं, इतका तो मोकळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीत पाण्याच्या टाकीपाशी आवकमावशी भेटली. दोघींनी एकाच पेल्याने पाणी प्यायलं, एकीने दुसरीसाठी विसळून ठेवला. अबोल्याचा आठवडा होता, तेव्हा बोलायचं नव्हतं. तरी मावशी रिकामा पेला हातात धरून जरा जास्तच वेळ उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काही तरी होतं. ताईला वाटलं, सुनेच्या आईने पुन्हा काही केलं असेल.

शनिवारी धाकट्याने मिस्त्रीला नाही म्हणून सांगितलं. त्याच दिवशी त्याच्या बायकोने पडद्यांचं कापड आणलं. खोलीच्या दोन खिडक्यांना कित्येक वर्षं जुन्या चादरी लावलेल्या होत्या. नोकरी राहते की जाते या काळजीत पडदे कोण शिवणार, म्हणून राहिलेलं काम होतं ते. आता तिने हिरव्या रंगाचं, बारीक पानांचं कापड घेतलं, पाण्यातून काढलं, वाळवलं, मापाने कापलं, आणि रविवारी ताईला बोलावून दाखवलंही. फाडलेलं कापड दुकानदार परत घेत नाही, त्यामुळे आता माघार नाही, असं म्हणून ती हसली.

सोमवारी मेळ होता.

साहेब टेबलाच्या टोकाला बसले. शिपाई दोन्ही खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहिला. धान्य वाचलं, लाल. कापड वाचलं, लाल, आणि ते इतकं की शिपायाला आकडा लिहिताना जागा पुरेना. चामडं कसंबसं पांढऱ्यात गेलं. औषधं लाल. मग यंत्रं आली. पंप, मोटारी, सुटे भाग, सगळं लालच. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले.

शिलाई यंत्रांचा आकडा ताईने जरा ठसक्यातच वाचला. दुपारभर माना खाली घालून बसलेल्या जावक खोलीने माना वर केल्या. आता समोरून रेघ यायची, म्हणजे पांढरा खडू यायचा.

आवकमावशीने कागद डोळ्यांजवळ नेला. तिचा आवाज खणखणीत होता, पण ही एक ओळ तिने पुटपुटल्यासारखी वाचली. साहेबांनी पुन्हा वाचायला सांगितलं. तिने पुन्हा वाचली. आकडा ताईच्या आकड्याच्या अगदी पाठीला पाठ लावून उभा होता, जुळ्या भावासारखा.

शिपायाने विचारलं, कोणता खडू घेऊ? फरक एवढा थोडा होता की कोणत्याच रंगाने लिहिण्यासारखा नव्हता.

"वा," साहेब म्हणाले. "समतोल. सगळ्या तक्त्यात एक तरी क्षेत्र समतोल निघालं."

ताईने समोर बघून विचारलं, "मावशी, ही यंत्रं आली कुठून?"

मावशीने मागचं पान उलटलं, बोट ठेवलं, आणि मग म्हणाली, "जहाजं वेगवेगळ्या बंदरांतून आलीत. पण माल कुठे बनला त्या रकान्यात सगळीकडे आपल्याच देशाचं नाव आहे."

पुढचं साहेबांनीच समजावून सांगितलं, आणि ते चुकीचं नव्हतं. कारखान्याने माल पाठवला होता तो विकला गेला तर पैसे, नाही तर परत, या बोलीवर. गेले काही महिने तो नुसताच जात होता. आता न विकलेला एकदम परत आला. परत आलेला माल देशात शिरला की आवकेत धरायचा. तोच माल पुन्हा खोक्यात घालून दुसऱ्या बंदराला पाठवला की जावकेत धरायचा. नियम तसाच आहे. ताईने विचारलं, फिरून आलेला माल तक्त्यात वेगळा दाखवता येणार नाही का. साहेब म्हणाले, "ताई, तशी सोय तक्त्यात नाही. आणि तुम्हाला काय त्याचं? एक ओळ तरी लाल नाही, बरं वाटू द्या की."

मेळ संपल्यावर मावशी बोळात तिची वाट बघत उभी होती. तिने ताईचा हात धरला. तुझा भाऊ तिथे आहे ते मला माहीत होतं, म्हणाली. शुक्रवारी टाकीपाशी अगदी ओठांवर आलं होतं. पण मेळ व्हायचा होता.

ताईने हात सोडवून घेतला नाही. एकीने नियम मोडला होता आणि एकीने पाळला होता, आणि दोघींनी मिळून नुकसान मात्र एकाच घराचं केलं होतं. "तू बरोबर केलंस," ती मावशीला म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच टेबल न आवरता कचेरीतून निघाली.

धाकटा घरीच होता. खिडकीशी यंत्र ओढून तो पडदे शिवत होता. एक पडदा शिवून टांगलाही होता. बायको बाजारात गेली होती. ताईने चप्पलही न काढता दारातच त्याला सांगितलं, आकडा, परत आलेली जहाजं, सगळं. सांगताना तिला वाटत होतं, हा आता चिडेल, निदान यंत्र तरी थांबवेल. त्याने शिवण पुरी केली, सुई वर घेतली, आणि मग तिच्याकडे बघितलं.

"मला दिसत होतं," तो म्हणाला.

"काय दिसत होतं?"

"पंधरवड्यापासून माझ्या टेबलावर माझीच यंत्रं येतायत. तेल घालून पुन्हा बांधायला. सुईखाली माझंच कापड, निळा दोरा, शेवटी वळण. त्यांच्यावर तिकडे कुणी एक टाका घातलेला नाही गं. झाकण उघडून बघितलंसुद्धा नसेल."

ताई तशीच आत आली. "मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

धाकट्याने यंत्राच्या चाकावर हात ठेवला. "तू म्हणालीस बाहेर जातायत. मला वाटलं, मला दिसतात ती चार-दोन असतील. मला एक टेबल दिसतं, ताई. तुला सगळा देश दिसतो."

सगळा देश म्हणजे जावक खोलीची एक भिंत, एक खिडकी आणि बोळाचं बंद दार, हे त्याला सांगून आता काय उपयोग होता? लहानपणी शाळेच्या वाटेवर तो डोळे मिटून तिचा पदर धरून चालायचा, बघू ताई कुठे नेते म्हणायचा. एकदा तिने त्याला गंमत म्हणून डबक्यात नेलं होतं. त्या वेळी निदान तिला डबकं दिसत होतं.

मंगळवारी सकाळी ती रजा टाकून त्याच्याबरोबर दवाखान्यात गेली. मिस्त्री तळघरात बसायचा, पंपांच्या घरघरीत. त्याने दोघांना बघितलं आणि कशासाठी आले ते विचारायच्या आधीच ओळखलं. हात पुसत बाहेर आला. जागा काल दुपारीच भरली, म्हणाला. कापड गिरणीतून सुटलेला एक माणूस होता, त्याच्या घरी दोन म्हातारी माणसं आहेत. शनिवारी तू नाही म्हणालास, मग मी तरी कुणासाठी थांबणार? आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते ऐकायला जड गेलं. पुढेमागे काही निघालं तर कळवतो, असंही तो म्हणाला, जसं म्हणतात तसं. आतल्या बाजूला एक वयस्क माणूस खाटेचं चाक उलटं धरून निरखत होता. नवा होता, कारण चाक कुठून खोलतात ते त्याला अजून सापडत नव्हतं. कापडाची ओळ, ताईच्या मनात आलं. फळ्यावर जागा पुरली नव्हती ती.

परत येताना धाकट्याने विचारलं, आमच्याबद्दल पेपरात काय छापून येईल?

"समतोल," ताई म्हणाली.

त्याने मान हलवली. हसू येतंय असं वाटलं, पण आलं नाही. कारखाना आता किती दिवस चालेल, तेही त्याने विचारलं. ताईने पहिल्यांदाच त्याला खरं उत्तर दिलं, मला माहीत नाही.

घरी भावजय दारातच उभी होती. दोघं मिळून सकाळी सकाळी कुठे गेली, कामाला का गेली नाहीत, हे तिने विचारलं नाही. ती धाकट्याकडे बघत होती आणि बोलली ताईशी.

"वन्सं, तुमच्या तक्त्यात काय आलंय?"

धाकटा मध्येच काही तरी म्हणणार होता. ताईने त्याला हाताने थांबवलं. "मी अर्धाच तक्ता बघितला होता," ती म्हणाली. "अर्धा बघून ह्याला सांगितलं. यंत्रं परत आलीत. दवाखान्यातली जागा गेली."

भावजयीचं तोंड नेहमी तिखट, ताईने आजवर तिच्याकडून किती तरी टोमणे ऐकले होते, अन् आज एखादा मिळाला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण ती नुसती वळली. आत गेली, पाण्याचे दोन पेले आणून ठेवले, खिडकीकडे बघितलं. एका खिडकीला नवा हिरवा पडदा होता, दुसरीला अजून चादर.

"तो दुसरा पडदा शिवून टाका," ती नवऱ्याला म्हणाली. "कापून झालंय."

धाकटा यंत्रापाशी बसला. दोरा ओवला, निळाच, घरात तोच होता. हिरव्या कापडावर तो उठून दिसत होता, पण त्याबद्दल कुणी काही म्हणालं नाही. ताई स्टुलावर बसून त्याचा हात बघत राहिली. शिवण एका लयीत पुढे सरकत होती, नजर कुठे अडणार नाही इतकी सारखी. कापडाचं टोक जवळ आलं तशी ती थोडी पुढे वाकली आणि त्या वळणाची वाट बघू लागली.

तो सरळ गेला. टोकाला थांबला, दोरा दातांनी तोडला, आणि पडदा बायकोच्या हातात दिला.